अर्ध्या नदीत सोडलेला हुंकारा

माझ्या साडभाऊनं मला फसवलं. बालाघाटच्या वाचनालयात, रविवारी दुपारी, भरल्या सभेत, माइक चालू असताना फसवलं. सौदा आम्हा दोघांचा होता. माझा हिस्सा मी चोख पाळला, आणि त्याच्या हिश्शाची वेळ आली तेव्हा तो एका शालीसाठी उठून गेला. लोक जे नारळाचं वगैरे सांगतात ते नंतरचं आहे. तेही मी सांगणार आहे, कारण त्याच्या तोंडून ऐकलं तर तुम्हाला वाटेल की नारळ मी त्याच्या टाळक्यावरच फोडला.

साडभाऊ म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. माझ्या वाट्याला धाकटी आली, त्याच्या वाट्याला थोरली, आणि एवढ्या भांडवलावर तो जन्मभर माझा मोठा झाला. तो निवृत्त हेडमास्तर. सगळं गाव त्याला मास्साब म्हणतं, त्याची बायकोसुद्धा. मी बैलबाजारातला दलाल होतो. आता गोंदिया रोडवर जुने ट्रॅक्टर आणि पंप घेतो नि विकतो. सासुरवाडीला गेलो की त्याला उशी लावलेली खुर्ची मिळते आणि मला सांगतात, आलाच आहात तर विहिरीची मोटर जरा पाहा. मोटर मी पाहतो. चालू करून देतो. पण खुर्ची लक्षात ठेवतो.

आमच्याकडे बैलाचा सौदा तोंडानं होत नसे. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहायचे, हातांवर दुपट्टा टाकायचे आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव बोलायचे. वर तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा, खाली बोटांची कुस्ती. भोवती सगळा बाजार उभा असला तरी कोणाला पत्ता लागत नसे. लिहिलेलं काहीच नसल्यामुळे दिलेलं बोट परत घेता येत नाही. घेतलं तर पुढच्या बाजारात त्या माणसाच्या दुपट्ट्याखाली कोणी हात घालत नाही. मला कायदा येतो तो एवढाच. त्याच्यावर मी घर बांधलं आणि पोरींची लग्नं केली.

आता तुम्ही म्हणाल, असल्या माणसाचं वाचनालयात काय काम. वाचनालयात मी मास्साबपेक्षा जुना आहे. माझी शाळा हिंदीत झाली, तीही अर्धी. मराठी वाचायला मी शिकलो तो तिथं येणाऱ्या नागपूरच्या शिळ्या पेपरांवर, बाजाराचा दिवस नसला की पंख्याखाली बसून. अजूनही जातो. हल्ली खुर्ची मिळत नाही, कारण सगळ्या खुर्च्यांवर सरकारी नोकरीच्या परीक्षेची तयारी करणारी पोरं बसलेली असतात आणि माझ्या वयाच्या माणसाकडे ती मुदत संपलेल्या औषधाकडे पाहावं तशी पाहतात. मराठी पुस्तकांचं एक कपाट आहे. त्याला कुलूप आहे. किल्ली ज्याच्याकडे असते तो सुटीवर असतो.

ग्रंथपाल बाई जबलपूरकडच्या. हिंदी बोलणाऱ्या, पण उत्साही. त्यांनी रविवारी दुपारी कहाण्यांचा कार्यक्रम सुरू केला. कोणी पुस्तकातून वाचायचं, कोणी तोंडानं सांगायचं. महिन्यातला एक रविवार त्यांनी मराठीला दिला. म्हणाल्या, आधा शहर तो आप ही लोगों का है. माइक मात्र अशा जागी लावला की सांगणाऱ्याच्या डोक्यामागे बरोबर पाटी येते: कृपया शांति बनाए रखें.

पहिल्या मराठी रविवारी साडभाऊ वाचायला उभा राहिला. तो वाचनालयाच्या समितीत आहे, त्यामुळे दुसरं कोणी आधी उभं राहण्याचा प्रश्नच नव्हता. गोष्ट त्यानं स्वतःच लिहिली होती. प्रत्येक पान संपलं की तो चष्म्यावरून लोकांकडे पाहायचा, लोकांना वाटायचं संपली, आणि लोक टाळ्या वाजवायचे. तो हात वर करून थांबवायचा आणि पुढचं पान काढायचा. असं इतक्यांदा झालं की गोष्ट खरंच संपली तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही. पाठीमागून कोणीतरी विचारलं, और है क्या?

बाहेर चहाच्या टपरीवर तो माझ्यापाशी आला. खरं सांगतो, त्याचं तोंड पाहून मला बरं वाटलं. त्यानं विचारलं, गोष्टीत काय कमी होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला मोटर सोडून काही विचारलं.

मी म्हणालो, "हुंकारा कोठी होता, साडभाऊ? तुमी त भिंतीले गोष्ट सांगून राह्यलते."

हुंकारा म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळं भांडण त्याच्यावर उभं आहे. आमच्या गावांत गोष्ट कोणी हवेत सांगत नाही. सांगणाऱ्याच्या समोर एक माणूस बसतो आणि दर वाक्याला म्हणतो, हौ. सांगणारा म्हणतो, एक होती बाई. समोरचा म्हणतो, हौ. मग गोष्ट एक पाऊल पुढे जाते. हौ ढिला पडला की सांगणाऱ्याला कळतं, आपण लांबण लावली. हौ घाईचा आला की कळतं, ऐकणारा अडकला. आणि हौ थांबला की गोष्ट थांबते, मग सांगणारा कितीही मोठा असो. त्यातला मुख्य नियम असा की ज्यानं सुरुवातीला हुंकारा धरला त्यानंच तो शेवटपर्यंत न्यायचा. मधे उठायचं नाही. लघवीला लागली तरी नाही. हुंकारा देणारा मधेच मेला तर दुसऱ्यानं धरलेला चालतो. सवलत आहे ती एवढीच.

साडभाऊला हे माहीत नव्हतं असं नाही. तोही लालबर्‍याकडच्या खेड्यातला, धानाच्या खळ्यावर गोष्टी ऐकत वाढलेला. पण मास्तर झाल्यावर त्यानं खेड्यातलं जे जे विसरण्यासारखं होतं ते विसरलं आणि लग्नात जावयाचा मान तेवढा लक्षात ठेवला.

तिथंच सौदा झाला. पुढच्या मराठी रविवारी मी त्याला हुंकारा देणार, त्याच्या पुढच्याला तो मला. मी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि हातावर टाकला. तो म्हणाला, हे काय बैल आहे का? मी म्हणालो, हात घाला. चहावाला पाहत होता म्हणून त्यानं लाजत लाजत हात घातला. मग मात्र त्यानं घासाघीस केली, तेही मास्तराला शोभेल अशी. हौ मोठ्यानं द्यायचा, जांभई द्यायची नाही, मधे आपल्या अकलेचं काही जोडायचं नाही, आणि मोबाइल बंद. मी सगळं कबूल केलं. माझी अट एकच: सुरू केलं की सोडायचं नाही. त्यानं माझं बोट दाबलं. आजही तो म्हणतो दाबलं नव्हतं, खाज सुटली होती.

पुढच्या मराठी रविवारी मी त्याच्यासमोर मांडी घालून बसलो. त्यानं जी गोष्ट काढली ती गोष्ट नव्हतीच, त्याच्या बदल्यांची हकीकत होती. बदली लालबर्‍याला झाली. हौ. शाळेला छप्पर नव्हतं. हौ. अर्ज केला. हौ. छप्पर आलं तेव्हा बदली तिरोडीला झाली. हौ. माझ्याजागी दुसरा कोणी असता तर तिरोडीलाच त्याचा प्राण गेला असता. मी मात्र छपराच्या अर्जालासुद्धा असा हौ दिला की पुढच्या रांगेतली बाई माझ्याकडे पाहून पदरानं डोळे पुसू लागली. परीक्षेच्या पोरांनी पुस्तकातून माना वर काढल्या. शेवटी टाळी एकदाच वाजली आणि बरोबर जागी वाजली.

साडभाऊनं सगळ्यांचे आभार मानले. ग्रंथपाल बाईंचे, समितीचे, माइकवाल्याचे. माझे नाही. तेही मी लक्षात ठेवलं, पण सौदा पाळणाऱ्या माणसाचं येणं बुडत नाही असा माझा तेव्हा समज होता.

मग माझी पाळी ठरली. कोणती गोष्ट सांगायची याचा मी विचारच केला नाही. माझ्याजवळ एकच आहे, आईची.

धान कापून झालं की खळ्यावर आई ती सांगायची. एका बाईला माहेरी जायचं असतं. मधे वैनगंगा, तीही भरलेली. काठावर खळ्याएवढं मोठं कासव येतं आणि म्हणतं, पाठीवर बस, पार करतो, पण काय देशील? बाई भाव करते. आधी टोपलीतल्या लाह्या देते, मग पायातल्या तोरड्या, दर वेळी कासव मागतं त्याहून कमी देते आणि तरी पुढे सरकते. भाव कसा करायचा हे मी बैलबाजारात शिकलो असं लोकांना वाटतं. मी ते त्या बाईकडून शिकलो. मग नदीच्या बरोबर मधोमध कासव थांबतं आणि म्हणतं, आता असं दे जे तू कोणालाच दिलं नाहीस. तिथून पुढे गोष्ट खरी सुरू होते.

कार्यक्रमाच्या आधी मी राजेगावाकडे मोठ्या बहिणीच्या गावाला एक पंप पाहायला गेलतो. तिला आम्ही बाई म्हणतो. ती मला अजून लहान्या म्हणते, माझ्या गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. जेवताना मी सांगितलं, आईची कासवाची गोष्ट सांगणार आहे वाचनालयात, माइकवर. ती वाढता वाढता थांबली. म्हणाली, "पुढं काय झालं रे त्या बाईचं? मले माहीतच नाही."

मला खरं वाटेना. आई गोष्ट सांगायची तेव्हा हुंकारा हीच द्यायची. पण दिवसभर मोठ्या बायांच्या बरोबरीनं काम केलेली पोर ती. कासव नदीच्या मधात थांबलं की हिचा हौ थांबायचा, झोपलेली असायची. हिचा हौ थांबला की आई गोष्ट थांबवायची. बाकीची भावंडं तोवर घोरत असायची. आई शेवट सांगायची तो मला एकट्याला, सकाळी, बैल सोडायला जाताना, कारण मी भुणभुण करायचो. बहिणीनं विचारलं की आई म्हणायची, जागी राह्य अन् ऐक. मग एका वर्षी हिचं लग्न झालं आणि खळं सुटलं. तिला आता नातवंडं आहेत, आणि ती अजून नदीच्या मधोमध बसून आहे.

मी म्हणालो, आत्ताच सांगतो, वाढून घे. ती नाही म्हणाली. "माह्या हुंकाऱ्यानं ते बाई कधी पार झालीच नाही. दुसऱ्या कोणाले धरू दे. मी मांगं बसून आयकतो." तिला एकच काळजी होती. कार्यक्रम दुपारी, आणि दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, असं आमच्याकडे मानतात. मी म्हणालो, आपले सगळे मामा मेले, आता कोणाची वाट चुकणार? ती म्हणाली, बोलणं पाह्य या माणसाचं, आणि हसली. येते म्हणाली.

आली. नवं लुगडं नेसून, भाच्याच्या मोटरसायकलवर, गुडघे बांधून आली. पहिल्या रांगेत तिला बसवलं. वाचनालयात ती आयुष्यात पहिल्यांदा पाय ठेवत होती. चपला बाहेर काढून आली. कपाटाच्या कुलपाकडे पाहून म्हणाली, पुस्तकं पळून जातात काय रे?

साडभाऊ वेळेवर आला, हे मी मान्य करतो. समोर बसला. सुरुवातीला त्याचा हौ मास्तरकी होता, हजेरी घेतल्यासारखा. पण गोष्टीतली बाई कासवाच्या पाठीवर बसली तसा तो मोकळा झाला. लाह्यांच्या भावाला त्यानं असा हौ दिला की लोक हसले. तोरड्यांपर्यंत त्याच्या आवाजात लालबर्‍याचं खळं आलं होतं. मला त्या वेळी तो आवडला. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, आणि इथं सांगतो आहे ते त्याचा गुन्हा आणखी मोठा दिसावा म्हणून.

बहिणीकडे मी पाहत नव्हतो, पण ती दिसत होती. हात मांडीवर, पाठ ताठ, डोळे टक्क उघडे.

मी म्हणालो, कासव थांबलं नदीच्या मधामधात. साडभाऊ म्हणाला, हौ. आणि दाराशी गडबड झाली.

ज्या शेठनं वाचनालयाला पंखे दिले ते शेठ आले होते. कार्यक्रमाला नव्हे, दुसऱ्या कार्यक्रमाला जाताना रस्त्यात वाचनालय लागलं म्हणून आले होते. पंख्याच्या प्रत्येक पात्यावर त्यांचं नाव रंगवलेलं आहे. पंखा फिरायला लागला की ते वाचता येत नाही, म्हणून ते आले की पंखे बंद करतात आणि सगळे उकडत त्यांचं नाव वाचतात. पंखे बंद झाले. समितीचे अध्यक्ष धावले. कुठूनसा शाल-नारळ निघाला. तो नेहमीच निघतो; वाचनालयात पुस्तकाची किल्ली सापडत नाही, पण शाल-नारळ तयार असतो. शेठचा सत्कार झाला. मग शेठ म्हणाले, मेरे हाथ से भी किसी का हो जाए, मुझे जल्दी है. अध्यक्षांनी हॉलभर नजर फिरवली आणि माइक माझ्या तोंडासमोरून काढून घेऊन म्हणाले, हमारे आदरणीय मास्साब.

साडभाऊनं माझ्याकडे पाहिलं. मग शालीकडे. मी त्याला दुपट्टा दाखवला, खांद्यावरचा, नुसता हात लावून. त्याला समजलं. समजलं नाही असं त्यानं देवळात जाऊन सांगावं.

तो उठला. गुडघ्यावर हात ठेवून, धोतराचा सोगा सावरून, आरामात उठला आणि मला म्हणाला, "दोनच मिनटं, साडभाऊ. कासवाले म्हना, थांब."

कासवाला थांब म्हणून तो शाल घ्यायला गेला. शाल मला ओळखीची होती. मागच्या वर्षी ती माझ्याच वॉर्डाच्या मेंबरच्या खांद्यावर होती, कडेला चहाचा डाग तसाच. शेठनं ती त्याला पांघरवली, हातात नारळ दिला, फोटो झाला. फोटो हलला म्हणून पुन्हा झाला. मग शेठनं वाचनाचं महत्त्व सांगितलं. मग साडभाऊला दोन शब्द बोलायला सांगितले, आणि त्याचे दोन शब्द छपराच्या अर्जापासून सुरू झाले.

मी माइकशिवाय उभा होतो. लोक उठून समोशांकडे जाऊ लागले. परीक्षेच्या पोरांपैकी एक भला होता, त्याला माझी दया आली. तो साडभाऊच्या जागेवर येऊन बसला आणि म्हणाला, दादाजी, आप बोलो, मैं हूँ-हूँ करता हूँ. मी बहिणीकडे पाहिलं. तिनं मान हलवली.

ती त्याला म्हणाली, "नाही रे बापू. ज्यानं धरला तो जित्ता हाय. शाल घेऊन उभा हाय तेथी."

मग ती माझ्याकडे वळली. "येईल का रे तो?"

तो आला नाही. शेठ निघाले, त्यांच्यामागे अध्यक्ष, त्यांच्यामागे नारळ हातात घेऊन साडभाऊ, पायऱ्यांपर्यंत पोचवायला. मी मागे गेलो. आवाज न चढवता विचारलं, येता का. तो म्हणाला, आता राहू द्या, सभा मोडली, पुढच्या वेळी पाहू, अशी एवढी काय मोठी गोष्ट आहे ती. शेवटचे शब्द त्यानं हसत म्हटले, शेठनं ऐकावं म्हणून.

तेव्हा मी त्याच्या हातातून नारळ घेतला आणि वाचनालयाच्या पायरीवर फोडला. पायरीवर. त्याचं डोकं तिथून हातभर लांब होतं. पाणी थोडं त्याच्या धोतरावर उडालं, थोडं शेठच्या बुटावर. एका फटक्यात चांगला दुभागला, हे मी सांगू शकतो. खोबरं मी तिथंच वाटून टाकलं. शेठनंही खाल्लं, त्यांना वाटलं कार्यक्रमातलंच आहे. ग्रंथपाल बाई हात जोडून म्हणत होत्या, भैया जी, शांति, आणि त्यांच्या मागे पाटीही तेच म्हणत होती.

बहीण समोसा न खाता गेली. मोटरसायकलवर बसताना म्हणाली, "मी तेथीच बसून आहो रे, लहान्या. पाय पान्यात सोडून. सवय हाय मले." मला वाईट वाटावं म्हणून ती बोलली नाही. ती तशीच बोलते. त्यामुळेच मला रात्रभर बाजूच्या घराच्या भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. ते घर साडभाऊचं नसूनही.

त्यानंतर जे चाललं आहे ते असं. साडभाऊ म्हणतो, माझा भर लोकांत अपमान झाला. मी वाचनालयातच माइकवर माफी मागावी, तर तो विचार करील. मी बायकोबरोबर निरोप पाठवला की नारळाच्या बदल्यात नारळ देतो. त्यानं सांगितलं, नारळ नको, माफी. मी जोडी कबूल केली. त्यानं सांगितलं, माझ्या मानाचा भाव करू नका. दोन्ही बहिणी मधल्या मधे निरोप ने-आण करून थकल्या आहेत. माझी बायको म्हणते, तुम्ही दोघंही एकाच मापाचे आहात. जेवताना म्हणते, त्यामुळे मला उत्तर देता येत नाही. परवा तिनं विचारलं, दुसरा कोणीच हुंकारा धरू शकत नाही का? मी नियम सांगितला, साडभाऊ मेला तर चालेल. तिनं भाजीचं भांडं उचलून आत नेलं.

साडभाऊनं तर आता नवीनच काढलं आहे. तो समितीत म्हणाला, हुंकारा हा जुनाट प्रकार आहे, आधुनिक श्रोता मनातल्या मनात दाद देतो. मनातल्या मनात! बदल्यांच्या हकीकतीला मी मनातल्या मनात हौ दिला असता तर तो अजून तिरोडीलाच छपराची वाट पाहत बसला असता. शाल त्यानं दिवाणावर पसरली आहे, डाग खाली दुमडून.

बहिणीचा फोन येतो. आधी गुडघ्याचं सांगते, मग धानाचं, आणि ठेवता ठेवता विचारते, तो आला का? मी फोनवर शेवट सांगायला गेलो तर म्हणते, फोन ठेवतो हं. आमचं घराणं अंथरुणाला खिळून राहणारं नाही. आमच्यात माणूस सकाळी चहा पितो आणि दुपारी नसतो. आई तशीच गेली, मामाही सगळे तसेच गेले. म्हणून मला घाई आहे. साडभाऊच्या मानाला नसेल, पण मला आहे.

लोक म्हणतात, एवढं आहे तर शेवट इथं लिहून टाक, तिला कोणी वाचून दाखवील. मी लिहिणार नाही. मला तो शेवट शब्दन्‌शब्द पाठ आहे. बाईनं कासवाला काय दिलं आणि ते देऊनही स्वतःजवळ कसं ठेवलं, हे या जिल्ह्यात आता एकट्या मला माहीत आहे. पण तो हुंकाऱ्यावर उघडतो. आणि हुंकारा साडभाऊकडे आहे, त्याच्या शालीच्या घडीत.

माफी मी मागणार नाही. नारळ माझ्या लेखी शेठचा होता आणि शेठनं तो खाल्ला आहे. मात्र येत्या मराठी रविवारी मी वाचनालयात येतो आहे. बहिणीला आणायला जीप सांगितली आहे. ग्रंथपाल बाईंना सांगून ठेवलं आहे की समोरची जागा मोकळी ठेवा आणि त्या दिवशी शाल-नारळाला कुलूप लावा, पुस्तकांच्या कपाटाचं काढून. मी माइकसमोर उभा राहीन, सुरुवातीपासून नाही, जिथं थांबलो तिथूनच. मी म्हणेन, कासव थांबलं नदीच्या मधामधात.

साडभाऊ, टपरीवर दुपट्ट्याखाली तुम्ही बोट दाबलं होतं. सगळ्या गावासमोर, माझ्या बहिणीच्या तोंडाकडे पाहून, मला त्याचं उत्तर पाहिजे. हौ म्हणा.